टकटक! आत कोण आहे?

वयात येताना आरशाशी नुकती कुठे दोस्ती होत असते. नेमकं तेव्हाच कुणी तुम्हाला काखेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टिकच्या कवचात बंद केलं तर? स्कोलिओसिसच्या ब्रेसमध्ये काढलेल्या दिवसांची ही आतली खबर...

एक सोप्पं कोडं. उसेन बोल्ट आणि ब्रिटनची राजकन्या युजेनी, या दोघांत कॉमन काय? पैसा आणि प्रसिद्धी सोडून बोला! उत्तर आहे पाठीचा कणा. दोघांचाही वाकडा, अगदी डॉक्टरी अर्थानं. बोल्टनं २००९ साली बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत मारले ते या वळलेल्या कण्यासकट. युजेनीचं बाराव्या वर्षी, २००२ मध्ये ऑपरेशन झालं आणि १२ ऑक्टोबर २०१८ च्या लग्नात तिनं मुद्दाम मागून खोल गळ्याचा गाऊन घातला. पाठीवरचा व्रण दिसावा म्हणून!

सॉलिड ना? हल्ली कुणा मुलीला ब्रेस लागला की घरचे नेटवरून ही जोडी शोधून तिच्यापुढे ठेवतात. माझ्या वेळी युजेनीचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे माझ्या वाट्याला आले कुसुमाग्रज. भेटायला येणारा प्रत्येक माणूस मला 'कणा' कविता म्हणून दाखवायचा. मराठीच्या बाईंनी तर दोनदा. कविता ग्रेट आहे, प्रश्नच नाही. पण तिच्यात विषय कणा मोडण्याचा आहे आणि माझा नुसता वळला होता. तेरा वर्षांच्या मुलीला तेवढा फरक कळतो. आणि भेटायला आलेल्यांनी एकदा तरी 'तुला आत घाम येतो का गं?' असं विचारावं, असं तिला वाटत असतं.

येतो. भयंकर येतो.

निदान शिंप्याचं

आधी थोडं शास्त्र, पटकन उरकते. स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वळणं. मागून पाहिलं तर सरळ रेषेच्या जागी इंग्रजी 'सी' किंवा 'एस' दिसतो. एक्स-रेवर त्याचा कोन मोजतात आणि दहा अंशांपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते अठरा वयातल्या शंभर मुलामुलींमागे दोन-तीन जणांना तो असतो. बहुतेकांचा इतका किरकोळ, की आयुष्यभर पत्ता लागत नाही. मोठं वळण मात्र मुलींमध्येच कितीतरी जास्त. कारण? बहुतेक वेळा ठाऊक नाही. डॉक्टर त्याला 'इडिओपॅथिक' असा भारदस्त शब्द वापरतात, अर्थ तोच. थोडा अनुवंशिकतेचा हात असतो, एवढं नक्की. दप्तराच्या ओझ्यानं तो होत नाही, लोळत टीव्ही पाहिल्यानं तर नाहीच. हे आमच्या घरी कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझी आई सहा महिने स्वतःला कोसत बसली नसती.

माझा वाकडेपणा पकडला तो शिंप्यानं. जून २०१०, ठाणे, आठवीचा नवा युनिफॉर्म. स्कर्ट एका बाजूनं खाली येतोय म्हणून मास्टरनी तो दोनदा उसवला. तिसऱ्यांदा टेप गळ्यात अडकवत आईला म्हणाले, "वहिनी, कापड बरोबर आहे. मुलीचं बघा."

डॉक्टरांनी पुढे वाकायला सांगितलं. वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच आली. एक्स-रे, २९ अंश. साधारण २५ ते ४० अंशांच्या मधलं वळण आणि उंची वाढायची बाकी, असं गणित जमलं की ब्रेसची शिफारस होते. कारण हाडं वाढतात तेव्हाच वळणही झपाट्यानं वाढतं. म्हणजे बघा, पाळी, पिंपल्स, पहिला क्रश आणि ब्रेस या सगळ्यांचं टायमिंग एकच! मला सांगण्यात आलं, रोज २३ तास. आंघोळीला एक तास सुट्टी.

माप घ्यायला गेलो तो जुलै. ठाण्यात जिकडेतिकडे गणपतीचे कारखाने आणि इकडे मी स्वतःच प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये. अंगाला चिकटणारी पातळ बनियन, तिच्यावर ओल्या पट्ट्यांचे फेरे. वर्कशॉपमधले काका हसतमुख होते. "हलू नकोस बाळा, नाहीतर सोंड वाकडी यायची," म्हणाले. या साच्यावर प्लॅस्टिकचा तापवून मऊ केलेला पत्रा बसवतात. वळणाच्या फुगलेल्या बाजूला आतून गादी, ती दाबणार. समोरच्या बाजूला पोकळी, तिथं शरीरानं सरकायचं. मागे वेल्क्रोचे पट्टे आणि किती आवळायचे त्याच्या पेनानं केलेल्या खुणा. या खुणांपर्यंत रोज सकाळी मला ओढायचं काम बाबांचं. पाय माझ्या कमरेला टेकवून ओढायचे, घोड्याचं खोगीर आवळावं तसे. आम्ही दोघंही तेव्हा एकमेकांकडे बघत नसू.

आत काय चालतं?

पहिल्या आठवड्याबद्दल फार लिहीत नाही. झोप नाही, रडारड आणि चिडचिड, एवढं पुरे. शरीर तसं लवकर शिकतं. बाबांच्या जुन्या बनियनी उलट्या घालायच्या म्हणजे शिवण टोचत नाही, हे कळतं. पुरणपोळी एकच जाते, हे कळतं. वर्गात खोडरबर खाली पडलं की ते गेलंच समजायचं. आणि फायदेही होते, बॉस! सहाच्या लोकलला लेडीज डब्यात मला कोपर मारणाऱ्या बाईचंच कोपर दुखायचं.

मन मात्र इतक्या लवकर शिकत नाही. शाळेत दुसऱ्याच दिवशी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं कंपासपेटीनं माझ्या पोटावर टकटक केलं आणि विचारलं, "आत कोण आहे?" सगळा वर्ग हसला. बाईंनी तिला उभं केलं. तिची आई संध्याकाळी माफी मागायला घरी आली. पण खरं सांगू? मला तो प्रश्न आवडला होता. आठवडाभर सगळे ब्रेसशी बोलत होते. टाइट आहे का, दुखतोय का, किती वेळ घातला. आत कोण आहे, हे तिनं एकटीनंच विचारलं. हे मी घरी सांगितलं, तर आईला वाटलं मी मोठ्या मनाची झाले. उगाच!

मग गणपती आले. ब्रेसमध्ये कमरेतून वाकता येत नाही. खाली जायचं तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून बसावं लागतं, वजन उचलणाऱ्या पैलवानासारखं. आणि आपल्याकडे वाकून नमस्कार हा मुलीच्या संस्कारांचा सगळ्यात सोपा पेपर. मी प्रत्येक काका-मामांसमोर असं पैलवानी बसत होते आणि प्रत्येकाला आई कारण सांगत होती. चौथ्या-पाचव्या नमस्काराला आत्यानं तिला स्वयंपाकघरात नेलं. "सगळ्यांना सांगत नको सुटू. उद्या हिच्या लग्नाचं बघायचंय."

मी तेरा वर्षांची होते! पण त्या वाक्यानं जे झालं ते २९ अंशांनी झालं नव्हतं. तोवर ब्रेस ही कटकट होती. त्या रात्रीपासून ते गुपित झालं. मी सैल कुर्ते मागायला लागले. मैत्रिणींच्या गळ्यात पडणं बंद केलं, कारण मिठी मारली की समोरच्याच्या हाताला प्लॅस्टिक लागतं आणि त्याचा चेहरा क्षणभर बदलतो. हात लागायच्या आधीच मी मागे सरकायला शिकले. ही सवय ब्रेस सुटल्यावरही बरीच वर्षं राहिली. डॉक्टरांच्या कुठल्याही फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता.

डीनीला चॉइस नव्हता

गंमत म्हणजे लपवण्याची ही सोय तशी नवीन आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकीचे डॉक्टर वॉल्टर ब्लाउंट आणि अल्बर्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकात जो ब्रेस बनवला, त्याच्या धातूच्या पट्ट्या पुढून-मागून गळ्यापर्यंत जायच्या आणि मानेभोवती कडं असायचं. तो कुठल्या कुर्त्याखाली लपवणार? जूडी ब्लूम यांच्या १९७३ च्या 'डीनी' या कादंबरीतल्या मुलीला हाच ब्रेस लागतो. तिच्या आईला तिला मॉडेल करायचं असतं, म्हणजे कल्पना करा. मी हे पुस्तक कॉलेजात वाचलं, उशिराच. हेवा वाटेल अशी एकच गोष्ट त्यात होती. डीनीला कुणाला काही सांगत बसावं लागत नाही. दिसतंच!

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये जॉन हॉल आणि विल्यम मिलर यांनी गळ्यातलं कडं काढून टाकलं. ब्रेस काखेखाली आला, कपड्यांत मावायला लागला. माझा याच घराण्यातला. मुलींची मोठीच सोय झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबर एक प्रश्नही आला: सांगायचं कुणाला आणि कधी? माझ्या घरी त्याचं उत्तर आत्या देत होती, आई देत होती, शाळा देत होती. पीटीच्या सरांनी तर मला न विचारता अख्ख्या मैदानावर जाहीर केलं, "हिला कुणी धक्का मारू नका."

याबाबतीत माझी हिरॉइन कातारिना श्रोट. १८९४ साली ड्रेस्डेनला जन्मलेली, सोळाव्या वर्षी पोलादी ब्रेसमध्ये अडकलेली जर्मन मुलगी. तिला तो सोसवेना. एका पोचा पडलेल्या रबरी चेंडूकडे बघताना तिच्या डोक्यात आलं की आत हवा भरली तर पोचा बाहेर येतो, मग माझ्या पाठीचा का नाही? आरशासमोर उभी राहून ती पाठीच्या दबलेल्या बाजूत श्वास भरायला लागली. १९२१ मध्ये तिनं माइसनला स्वतःचं छोटं केंद्र काढलं आणि तिच्या नावाचे व्यायाम आज जगभर ब्रेसच्या जोडीनं शिकवतात. ते ब्रेसची जागा घेत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मला त्यातली आवडते ती आरशासमोरची मुलगी. ज्या आरशाची मला भीती वाटायची, त्याच्यासमोर ती कामाला लागली.

कालनिर्णयवरचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आई माझे तास लिहायची. २२, २३, २१. एकविसाच्या दिवशी घरात शांतता. मावशी आली तरी आधी तो चौकोन बघायची, मग मला. माझं सगळं वागणं त्या एका आकड्यात मावायला लागलं होतं. गॅदरिंगला मी सूत्रसंचालन केलं त्या दिवसाचा आकडा होता १९, आणि घरी आल्यावर पहिला विषय तोच निघाला.

नववीत एकदा बाबांनी ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या टेबलावर ठेवलं, वर पेन ठेवलं. "तुझं तू लिही," म्हणाले. "आम्ही विचारणार नाही." बस्स, एवढंच. भाषण नाही, कविता नाही. त्यानंतर मी आकडे लिहिलेच, शिवाय बाजूला कारणंही लिहायला लागले. 'परीक्षा', 'ऑक्टोबर हीट', 'कंटाळा', 'पोट दुखतंय'. कुणाला सांगायचं याची यादीही त्याच पेनानं केली. पहिल्या महिन्यात दोन नावं, पुढे सात. सातवं नाव क्लासमधल्या एका मुलाचं. तो म्हणाला, "माझ्या दातांना पण ब्रेस आहे." आणि विषय बदलला. इतकी छान प्रतिक्रिया मला आजवर कुणी दिलेली नाही.

बाबांना जे सुचलं, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी पुढे टेक्सासच्या डलासमधल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात मोजलं गेलं. ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारे छोटे सेन्सर बसवतात, त्यावरून तो खरोखर किती तास अंगावर होता हे समजतं. २०१६ साली छापून आलेल्या या अभ्यासात काही मुलांना ही नोंद दर भेटीत दाखवून त्यांच्याशी मोकळेपणानं बोललं गेलं, काहींना दाखवलीच नाही. ज्यांना दाखवली त्यांनी ब्रेस रोज सरासरी तीन तास जास्त घातला. आपला हिशेब आपल्याला दिसला की फरक पडतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

आणि तो सुट्टीचा एक तास! आंघोळ दहा मिनिटांत उरकायची, अंगावरचे लाल वळ बघायचे नाहीत, आणि उरलेली पन्नास मिनिटं हॉलमधल्या थंडगार लादीवर उताणं पडायचं. उघड्या पाठीला लादीचा गारवा लागायचा तेव्हा पाठ नेमकी कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही, हे कळायचं. ती न टेकणारी जागाही माझीच, हे मला कुठल्या समुपदेशकानं नाही, त्या लादीनं शिकवलं. त्या तासात टीव्ही नको, फोन नको. आजी तेवढी येऊन शेजारी बसायची आणि वाती वळायची. काही बोलायची नाही.

मग सरळ झालं का?

मे २०१३. दहावीचा निकाल लागायचा होता, उंची थांबली होती, तास कमी करत करत ब्रेस सुटला. शेवटचा कोन ३२ अंश. लोक पेढे खात विचारत, "मग झालं का सरळ?" नाही झालं. ब्रेस सरळ करायला घालतच नाहीत, वाढ संपेपर्यंत वळण थोपवायला घालतात. ५० च्या पुढे गेलं तर ऑपरेशनचा विषय निघतो. तीन वर्षं घाम गाळून मिळवलं काय, तर काहीही न होणं! हे यश पेढ्याच्या डब्यावर लिहिता येत नाही. ब्रेस सुटला त्या रात्री मी मोकळी होऊन नाचायला हवं होतं. झोपच लागली नाही. अंग सांडून जाईल असं वाटत होतं.

चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिका-कॅनडातल्या २५ केंद्रांवरचा अभ्यास आला. प्रमुख होते स्टुअर्ट वाइनस्टाइन आणि लोरी डोलन. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिलं. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. रोज सरासरी १२.९ तासांहून जास्त घालणाऱ्यांत तर यश ९० टक्क्यांच्या पुढे. म्हणजे मी अंगावर वागवलेल्या गोष्टीचा पक्का पुरावा ती माळ्यावर गेल्यावर आला. चलता है.

पण त्या ४८ कडे परत बघा. जवळजवळ निम्म्यांचं ब्रेसशिवायही भागलं. कुठले निम्मे, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मी कुठल्या निम्म्यात होते, हे मला कधीच कळणार नाही. ब्रेस घालणाऱ्या मुलीला आपण सांगतो, 'तुझ्या भल्यासाठी आहे गं.' त्याऐवजी हे आकडे तिच्यापुढे ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तेरा वर्षांच्या मुलीला शक्यता कळते. ती क्रिकेट बघते.

त्याच अभ्यासात मुलांच्या रोजच्या जगण्याबद्दलही प्रश्न विचारले होते. ब्रेसवाले आणि बिनब्रेसवाले यांच्या उत्तरांत लक्षणीय फरक निघाला नाही. वाचून मी भडकले. फरक नाही? माझी तीन वर्षं? मग लक्षात आलं की दुसऱ्या गटातली मुलगीही दर सहा महिन्यांनी एक्स-रे मशीनसमोर श्वास रोखून उभी होती आणि तिच्या हाती करण्यासारखं काहीच नव्हतं. मला निदान वेल्क्रो होता.

आज मी अठ्ठावीस वर्षांची आहे. डेडलाइनच्या रात्री पाठ दुखते, पण ती तुमचीही दुखते. रेडिमेड ब्लाउज बसत नाही, टेलर शोधून ठेवलाय. आणि आत्याचं भविष्य शेवटी आलंच, घरात स्थळं बघणं चालू आहे! बायोडेटात उंची लिहिली आहे, कोन नाही. तो मी पहिल्या भेटीत कॉफी यायच्या आत सांगते. एकानं विचारलं, "मुलांना होऊ शकतं का?" शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, मी म्हणाले. दुसऱ्यानं विचारलं, "म्हणजे आता बरी आहेस ना?" पहिल्याला मी पुन्हा भेटले.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. पुढच्या आठवड्यात तिचं माप घ्यायचं होतं. मी माळ्यावरून माझा ब्रेस काढला. काकूंचे प्रश्न अपेक्षित होते: कपड्यांतून दिसतो का, शाळेत कळतं का. मुलीचे वेगळेच. टॉयलेटला जाताना काढावा लागतो का? (नाही.) खो-खो खेळता येतं? (खेळाच्या वेळी हल्ली बरेच डॉक्टर काढू देतात, तुझ्या डॉक्टरांना तू स्वतः विचार.) त्यात ढेकर येतो का? (येतो, मोठा येतो.) मग तिनं ब्रेसवर बोटांनी टकटक करून पाहिलं.

आता ब्रेसवर रंग, डिझाइनही मिळतात. काकूंचं मत पांढरा किंवा त्वचेच्या रंगाचा, म्हणजे युनिफॉर्ममधून उठून दिसणार नाही. मुलगी फोनवरचे नमुने सरकवत राहिली. फुलपाखरं नको, डॉल्फिन नको. शेवटी तिनं कुचकुचीत काळा निवडला आणि आईकडे न बघता मला विचारलं, "यावर चांदीच्या पेननं लिहिता येतं ना?"